दुसऱ्या अंकातलं पत्र

४ मार्च

ती. ताईस नमस्कार.

परवा सकाळी दुकान उघडण्याआधी मी एक पत्र लिहिलं. तुला नव्हे, धाकट्याला. उठलो, आंघोळ केली, नेहमीसारखा दोन मिनिटं हात जोडून उभा राहिलो आणि पुस्तकबांधणीच्या टेबलावरचं खळीचं भांडं, दोरा, पुठ्ठे बाजूला सारून लिहायला बसलो. पण एवढ्यात हुरळून जाऊ नकोस. त्या पत्रातला एकही शब्द माझा नाही. ते नाटकातलं पत्र आहे.

नीट सांगतो. वसंतातले कार्यक्रम यंदाही आहेत. वाचनालयामागच्या सभागृहात तीन संध्याकाळी गाणं-बजावणं, आणि शेवटी, पंधरा एप्रिलला, नाटक. नाटक बाईंनी स्वतः लिहिलंय. शाळेतून निवृत्त झाल्यापासून त्यांना ओरडायला मुलं उरली नाहीत, म्हणून आमची नाटकं बसवतात. एका म्हाताऱ्या नावाड्याची गोष्ट आहे. त्याची मुलगी लांब निघून गेलेली असते. दुसऱ्या अंकात तिचं पत्र येतं, आणि तो होडीत बसून ते मोठ्यानं वाचतो.

नावाड्याचं काम पोस्टमास्तरांचं होतं. ते गेल्या महिन्यात माळ्यावरचे पडदे उतरवताना शिडीवरून पडले आणि पाय मोडून बसले. दुसऱ्या दिवशी बाई सायकल ढकलत धाकट्याच्या दुकानात गेल्या. म्हणाल्या, "ब्रेक बघ, आणि नावाड्याचं कामही बघ." तो म्हणाला, "ब्रेक बघतो." बाई स्टुलावर बसल्या त्या दोन तास हलल्या नाहीत. येणाऱ्या-जाणाऱ्या गिऱ्हाइकाला सांगत होत्या, "माझं काम व्हायचंय अजून, मी थांबलेय." शेवटी गिऱ्हाइकंच त्याला म्हणायला लागली, अरे करून टाक की यांचं काम.

तर आठ वर्षांनी तो रंगमंचावर उभा राहिला आहे. आवाज थोडा जाड झालाय. बाकी तोच.

सामान माझ्याकडे असतं हे तुला ठाऊक आहे. टोपी, कंदील, वल्हं, पत्र. आम्ही अजून बोलत नाही हेही ठाऊक आहे. तीन हातांवर उभा राहून तो बाईंना सांगतो, "सामानवाल्यांना सांगा, टोपी घट्ट होते." बाई माझ्याकडे वळून म्हणतात, "टोपी घट्ट होते." मी बाईंना म्हणतो, "सैल करतो." परवा बाई वैतागल्या. म्हणाल्या, "मी शिकवायला आलेय, निरोप पोचवायला नाही. दोघांनी मिळून एक कबूतर तरी पाळा."

पत्राबाबत माझी एक पद्धत आहे. कोऱ्या कागदाकडे बघून माणसाचा चेहरा खोटा होतो. म्हणून दर तालमीला मी सगळं पत्र खरोखर लिहून ठेवतो. कागद किंचित ओला करून चुरगळतो, वाळवतो, मग हातानं सारखा करतो, म्हणजे वाचताना कुरकुरत नाही. वाचून झालं की नावाड्यानं ते होडीत टाकायचं, असं बाईंनी बसवलंय. पहिल्या तालमीला धाकट्यानं ते घडी करून खिशात घातलं आणि तसाच घरी गेला. मी दुसरं लिहिलं. तेही गेलं. आजवर चार गेली.

बाई म्हणतात, विसरत असेल. चारदा?

भावोजींच्या गुडघ्याचं कळव.

तुझा,
मुनी


११ मार्च

प्रिय मुनी, खूप खूप आशीर्वाद.

ड्यूटीवर निघताना तुझं पत्र हातात पडलं, आणि मी हसतच वॉर्डात शिरले. तेरा नंबरच्या खाटेवरचे आजोबा म्हणाले, "काय सिस्टर, पगार वाढला?" म्हटलं, "त्याहून मोठं आहे. माझा एक भाऊ दुसऱ्याला पत्रं लिहितोय, आणि दुसरा ती चोरतोय."

तू लिहितोस ते फार बरं करतोस. फोनवर तू नुसता 'हं' म्हणतोस, आणि त्या 'हं'चा अर्थ लावण्यात माझा अर्धा दिवस जातो. आईनं तुला मुनी म्हटलं आणि त्याला भिंगरी, ते काही उगाच नाही. तू बसलास की उठायचा नाहीस, तो उठला की बसायचा नाही.

तुझ्या भावोजींचा गुडघा बरा आहे. कामाचं नाव काढलं की दुखतो.

आता मन लावून वाच. रविवारी मी भिंगरीला फोन केला. नाटकाचं विचारलं तर आधी उडवाउडवी. मग आपणहून म्हणाला, "ताई, तो बाजूला आला की अजून खळीचा वास येतो. लहानपणी यायचा तसाच." मी म्हटलं, मग बोल ना त्याच्याशी. राग तरी कसला धरून बसलायस? आईनंच जाताना सांगितलं होतं, खेळ संपू दे, मग त्याला बोलवा. दादानं तिचा शब्द पाळला. त्यात त्याचं काय चुकलं? आठ वर्षांत हे मी त्याला शंभर वेळा सांगितलं असेल. दर वेळी तो विषय बदलतो. या वेळी बदलला नाही.

म्हणाला, "दादावर राग नाहीच माझा. आईवर आहे. मी दोन गल्ल्यांवर होतो, ताई. हाक मारली असती तर पाच मिनिटांत पोचलो असतो. शेवटच्या घटकेला तिला मी नको होतो, माझं नाटक हवं होतं. दादाचं तोंड बघितलं की तेवढंच आठवतं, म्हणून बोलत नाही."

आपण दोघं इतकी वर्षं समजत होतो की तो तुझ्यावर रुसलाय.

मुनी, त्या खोलीत तू एकटाच होतास. आई ते कसं म्हणाली, कुठल्या आवाजात म्हणाली, हे तुलाच माहीत. मायेनंच म्हणाली असेल. तेवढं तरी त्याला सांग. आईवर राग धरून माणूस जगतो कसा?

तुझी ताई


१९ मार्च

ती. ताईस नमस्कार.

काल गाण्याची पहिली संध्याकाळ झाली. उकाडा नव्हता, पण बाईंनी सगळ्या खिडक्या उघडायला लावल्या. बाहेर झाडं फुलांनी भरलीत, त्यामुळे आत निम्मं सभागृह शिंकत होतं. दवाखान्यातले कंपाउंडर बासरी वाजवायला बसले. अर्धा तास सुरेख वाजवलं. शेवटचा सूर लांबवला, सगळे श्वास धरून बसले आणि त्यांनाच शिंक आली. बासरीतून जो आवाज निघाला तो मी लिहून दाखवू शकत नाही. लोकांनी टाळ्या मात्र त्यालाच जास्त वाजवल्या. शाळेतल्या मुलींनी दोन गाणी म्हटली. दुसऱ्या गाण्यात एक छोटी पुढचं कडवं आधीच म्हणून मोकळी झाली आणि बाकीच्या तिथवर येईपर्यंत हाताची घडी घालून थांबली. मला ती फार आवडली.

धाकटाही आला होता. सुरुवातीला दाराजवळ होता. मध्यंतरानंतर बघतो तर बरोबर माझ्या मागच्या रांगेत.

आता खरी बातमी. गेल्या शुक्रवारच्या तालमीत त्यानं पत्र खिशात घातलं नाही, होडीत टाकलं. मी सामान आवरताना उचललं. मागच्या बाजूला पेन्सिलनं लिहिलं होतं, "वेलांट्या अजून झोपाळ्यासारख्या काढतोस."

मी ते होडीतच बसून तीन-चार वेळा वाचलं. बाई म्हणाल्या, "नावाडी तुम्ही नाही, उठा."

मंगळवारच्या पत्रात मी नाटकातला मजकूर संपल्यावर खाली बारीक अक्षरात लिहिलं, "टोपी आता बसते का?" उत्तर आलं, "बसते. डोकं लहान झालं असेल." परवाच्या पत्रात मी लिहिलं, "पायरी उतरताना वल्हं डाव्या हातात घे, पडशील." त्यावर, "पोस्टमास्तर पडले तेव्हा कुठं होतास?"

तोंडानं अजून एक शब्द नाही. तालमीत बाईंमार्फतच चालतं. पण ताई, मला सकाळी उठावंसं वाटतं. दुकान उघडण्याआधी पत्र लिहितो, आणि दिवसभर पुस्तकं शिवताना खाली काय ओळ लिहावी याचा विचार करत असतो.

आईबद्दल तू लिहिलंस ते वाचलं. त्याबद्दल सावकाश लिहीन. सध्या दुकानात परीक्षेच्या वह्यांचं काम फार आहे.

तुझा,
मुनी


२५ मार्च

प्रिय मुनी,

तुमच्या टोपीचं आणि वेलांट्यांचं वाचून मी रडले. तुझे भावोजी विचारत होते, कोण गेलं? म्हटलं, कोणी गेलं नाही, येतंय.

पण वह्यांचं काम कसलं रे? बासरीच्या शिंकेला तुझ्याकडे बारा ओळी होत्या, आणि आईला दोनच? लहानपणी काचेची बरणी फोडलीस, तेव्हाही असाच म्हणाला होतास, 'मला अभ्यास आहे.' चार दिवस अभ्यास चालला होता तुझा. पाचव्या दिवशी मीच काचा शोधून काढल्या, तुझ्या दप्तरातून.

मी तुझ्याहून सहा वर्षांनी मोठी आहे. तू काहीतरी गिळून बसलायस. थोडक्यात लिही, वाकडंतिकडं लिही, पण लिही.

ताई


३० मार्च

ताई,

बरणीच्या काचा तू शोधल्यास. या वेळी मीच काढून देतो.

आई तसं म्हणाली नव्हती.

'खेळ संपू दे, मग त्याला बोलवा' हे वाक्य माझं आहे. आई ते कधीच बोलली नाही. सभागृहाच्या मागच्या दारात, तोंडाचा रंग पुसत धाकटा धावत आला, 'मला का नाही सांगितलंस' म्हणून माझा सदरा धरला, तेव्हा माझ्या तोंडून ते निघालं. "आईनंच सांगितलं." एकदा बोलल्यावर ते आईचंच होऊन बसलं. तुलाही मी तेच सांगितलं. तू ते खरं मानून त्याला सांगत राहिलीस.

त्या संध्याकाळी काय झालं ते लिहितो. तुला ठाऊक आहे, मी तीन महिने तिच्याजवळ होतो. दुकान अर्धाच दिवस उघडत होतो. डॉक्टर म्हणाले होते, अजून आठवडा जाईल. त्या दिवशी सामान दुसऱ्याकडे सोपवून मी घरीच थांबलो. खिडकी उघडी होती. वारा तिकडून होता, सभागृहातल्या टाळ्या ऐकू येत होत्या. पहिल्या टाळ्या झाल्या तेव्हा आईनं डोळे उघडले आणि म्हणाली, "भिंगरी आला का रे?" मी म्हटलं, "येईल." तिचा श्वास बदललेला मला कळत होता. मी चपला घातल्या. दारापर्यंत गेलो. मग वाटलं, भरलेलं सभागृह, मुख्य काम त्याचं, अजून तासाभराचा खेळ. एवढ्यात काही होत नाही. चपला काढून परत बसलो.

थोड्या वेळानं तिनं पुन्हा डोळे उघडले. म्हणाली, "दार लोटू नकोस. भिंगरी यायचाय." त्यानंतर ती बोलली नाही. तिसरा अंक सुरू व्हायच्या आत सगळं संपलं होतं.

इथवर लिहिलं की वाटतं, चुकला असेल अंदाज, माणसाचा चुकतो. आठ वर्षं मी स्वतःला हेच सांगितलं. पण रोज सकाळी हात जोडून उभा राहतो तेव्हा ते पुरत नाही. चपला मी खेळासाठी काढल्या नाहीत, ताई. तीन महिने मी तिला उठवलं, बसवलं, भरवलं, आणि ती नाव घेत होती त्याचं. मला वाटलं, तो आला की ती त्याच्याचकडे बघेल. तासभर तरी माझ्याकडे बघू दे. एवढंच वाटलं. एवढ्याचसाठी मी त्याला बोलावलं नाही.

तुझं अकरा तारखेचं पत्र वाचेपर्यंत माझी समजूत होती की या खोट्याचा त्रास मला एकट्याला होतोय, आणि तो मी भोगायलाच हवा. त्याला आई नकोशी झाली असेल हे मनातही आलं नव्हतं.

आता आम्ही कागदावर का होईना बोलतोय. हे सांगितलं तर तेही जाईल. सांगितलं नाही तर तो आईशिवाय राहील. मला दोन्ही दिसतंय, आणि मी पत्राखाली टोपीचं लिहितोय.

मुनी


११ एप्रिल

मुनी,

तुझं पत्र येऊन नऊ दिवस झाले. चार वेळा लिहायला बसले, चारही वेळा फाडलं.

मला तुझा राग आला. कशाचा ते सांगते. तू चपला काढल्यास त्याचा नाही. मी इथं रोज बघते, तीन-तीन महिने उशाशी बसणारी माणसं शेवटी कशी वागतात. आजाऱ्याचा हात कोणी धरायचा यावरून सख्ख्या बहिणी वॉर्डात भांडतात. मी त्यांना चहा देऊन बाहेर बसवते. तुला तर चहा द्यायलाही कोणी नव्हतं. राग आला तो याचा की भिंगरीला मी शंभर वेळा खोटं सांगितलं, आणि तेही छातीठोकपणे. तुझ्या काचा आठ वर्षं माझ्या दप्तरात होत्या, आणि मला पत्ता नव्हता.

राग अजून थोडा आहे. तो मी इकडेच संपवीन, तुझ्याकडे पाठवत नाही.

एक विचारते. तिनं माझं नाव घेतलं होतं का? खरं सांग. मला बरं वाटावं म्हणून सांगू नकोस. नसेल घेतलं तरी मला कळतं. माणूस शेवटी ज्याला येणं शक्य आहे त्याला हाक मारतं. मी दोन दिवसांच्या वाटेवर होते, तो दोन गल्ल्यांवर. असंच असेल. तरी सांग.

आणि आता त्याचं. त्याला सांगायलाच हवं, यात मागंपुढं बघू नकोस. पण खेळाआधी नको. आठ वर्षांनी उभा राहतोय तो. सभागृह भरलेलं असेल. त्याचं चित्त विचलित होईल. एवढा खेळ होऊ दे, मग सांग.

जेवत जा वेळेवर.

ताई


१५ एप्रिल, दुपार

ती. ताईस नमस्कार.

तुझं पत्र काल संध्याकाळी मिळालं. आधी तुझ्या प्रश्नाचं उत्तर.

नाही. तुझं नाव तिनं घेतलं नाही. दुपारी तिला थंडी वाजत होती, तेव्हा तू पाठवलेली करडी शाल तिनं मागितली. पण 'ताईची शाल' म्हणाली नाही. 'ती शाल दे' म्हणाली. मी ती पायावर घातली, तेव्हा ती ओढून तिनं गळ्यापर्यंत घेतली. झालं ते एवढंच. मी थोडं वाढवून लिहिलं असतं तर तुला बरं वाटलं असतं. ते आता मला जमत नाही.

माझंही नाव तिनं घेतलं नाही.

तुझा सल्ला मी दोनदा वाचला. 'एवढा खेळ होऊ दे, मग सांग.' ताई, तू मायेनंच लिहिलंस. पण हे वाक्य माझ्या चांगल्या ओळखीचं आहे.

आज सकाळी नेहमीच्या जागी हात जोडून उभा राहिलो. दोन मिनिटांची दहा झाली. विचारत होतो, आज सांगू की उद्या? देव काही बोलला नाही. तो ऐकतो, बोलत नाही, आमचा स्वभाव एक आहे. पण उभा राहून राहून एक गोष्ट लक्षात आली. मी तेव्हा उशीर केला ही चूक होतीच. त्याहून मोठी चूक ही, की त्याच्या आईबद्दल त्याला कधी कळावं हे मी ठरवलं. आज खेळाआधी जाऊन सांगितलं तरी मीच ठरवणार, उद्या सांगितलं तरी मीच ठरवणार.

म्हणून दुकान न उघडताच त्याच्याकडे गेलो.

तो एक ट्यूब घमेल्यातल्या पाण्यात बुडवून पंक्चर शोधत होता. माझ्याकडे बघितलं, मग माझ्या मागे बघितलं. म्हणाला, "सायकल कुठाय?"

"सायकल नाही आणली."

"बाई आजारी आहेत का?"

"नाही. मीच आलोय."

आठ वर्षांनंतरचं आमचं पहिलं बोलणं हे असं. पंपाच्या वर भिंतीला खिळा आहे, त्याला पावत्या टोचलेल्या असतात. त्या खिळ्याला माझी चार पत्रं होती. नीट घडी उलगडून, एकाखाली एक.

मी उभ्यानंच म्हणालो, "तुला आईबद्दल एक सांगायचंय. मी तेव्हा खोटं बोललो होतो, त्याबद्दल आहे. आज तुझा खेळ आहे. आत्ता सांगू, की खेळ झाल्यावर सांगू? तू म्हणशील तसं."

त्यानं ट्यूब थोडी पुढे सरकवली. पाण्यात बुडबुडे यायला लागले. त्यानं तिथं बोट ठेवलं आणि तसंच दाबून धरलं.

"चांगलं आहे की वाईट?"

"तुझ्यासाठी चांगलं असावं. माझ्यासाठी नाही."

"आत्ता सांग."

मी सांगितलं. तुला लिहिलं ते सगळं, चपलांसकट. का काढल्या तेही. तो घमेल्यावर वाकलेलाच होता. बोट ट्यूबवरून हललं नाही.

"दोनदा?"

"दोनदा."

"काय म्हणाली? तुझं नको. तिचं सांग."

मी आईच्या शब्दांत सांगितलं. दुसरं वाक्य पुन्हा पहिल्यापासून सांगावं लागलं. त्यानं ट्यूब बाहेर काढली, फडक्यानं पुसली, पुसतच राहिला. एक अनोळखी बाई सायकलला हवा भरायला आल्या होत्या. आमच्याकडे बघून त्यांनी स्वतःच पंप घेतला, हवा भरली आणि गेल्या.

मग तो म्हणाला, "मी तिच्या फोटोकडे पाठ करून झोपतो, माहितीय तुला? आठ वर्षं."

मी पंपाची नळी उचलून जागेवर ठेवली.

"जा आता," तो म्हणाला. "मला काम आहे."

मी निघालो. रस्ता ओलांडायला थांबलो, तेव्हा मागून हाक आली. "दादा."

मी वळलो. तो दारात उभा होता, हात काळे, डोळे लाल.

"संध्याकाळचं पत्र लिहिलंस?"

खरं सांगायचं तर नव्हतं लिहिलं. मी म्हणालो, "आज कोरा कागद ठेवणार होतो. तुला माझं अक्षर बघवेल की नाही, म्हणून."

"कोऱ्या कागदाकडे बघून चेहरा खोटा होतो. सगळ्या गावाला सांगत असतोस." मग म्हणाला, "नाटकातलं मला पाठ आहे. तिचं लिही. बोलली तसंच. खाली तुझं काही लिहू नकोस."

"खेळात जमेल तुला?"

"ते माझं मी बघीन."

ताई, त्यानं मला माफ केलं का, ते मला माहीत नाही. मी विचारलं नाही. तेही त्यानंच, त्याच्या सवडीनं ठरवायचं आहे. कदाचित उद्यापासून पुन्हा बाईंमार्फत बोलेल. चालेल मला. आईकडे पाठ करून झोपणार नाही, एवढं झालं तरी पुष्कळ.

घरी येऊन टेबल मोकळं केलं. कागद ओला करून वाळवलेला होताच. आईची दोन वाक्यं लिहिली. वेलांट्या आणखीच झोपाळ्यासारख्या आल्या. पण दुसरा कागद घेतला नाही. घडी घातली, सभागृहात गेलो. आत कोणी नव्हतं. खुर्च्या मांडून झाल्या होत्या, खिडक्यांतून फुलं आत पडली होती. होडीतल्या फळीखाली, त्याच्या उजव्या हाताला येईल असं, पत्र ठेवून आलो आहे.

तुझा,
मुनी